दिवा कोणाचा विझवावयाचा?

(वर्षावासातील रविवारच्या धम्मवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामानबदल रोखावयाचा की लोकांचे राहणीमान वाढवावयाचे, या प्रश्नावर आज मी बोलावे अशी आपल्या वर्गाच्या चालकांची इच्छा आहे. महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत हा विषय हल्ली वरचेवर ठेवला जातो. एक पक्ष सांगतो की, पृथ्वी तापत आहे, यास्तव कारखाने, वीज आणि मोटारी यांची वाढ आवरली पाहिजे. दुसरा पक्ष सांगतो की, आपला देश गरीब आहे, प्रथम पोट भरू द्या, हवेचे मागाहून पाहू. टाळ्या दोघांनाही पडतात.

न्यायालयात दावा उभा राहिला म्हणजे वकिलाने एक गोष्ट आधी पाहावयाची असते. ती ही की, दाव्यात आवश्यक ते सर्व पक्षकार सामील केले आहेत की नाहीत. आवश्यक पक्षकाराला वगळून चालविलेला दावा कितीही रंगला, तरी त्यातील हुकूमनामा टिकत नाही. या वादात नेमके तेच झाले आहे. जिच्या घरातील दिवा विझविण्याची भाषा एक पक्ष करतो आणि जिचे पत्र्याचे घर दुसऱ्या पक्षाच्या कृपेने तापणार आहे, ती बाई कोठेच पक्षकार नाही. दोन्ही वकीलपत्रे तिच्या नावावर दाखल झाली आहेत, पण तिची सही मात्र एकावरही नाही. माझे आजचे भाषण म्हणजे तिला या दाव्यात सामील करून घेण्यासाठी केलेला अर्ज आहे असे आपण समजावे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. ते आता ४२० च्या वर गेले आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ हे साल त्या काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. आपल्या देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे भारत सरकारच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. कारण आहे म्हणून कार्य आहे, हे प्रतीत्यसमुत्पादाचे तत्त्व मानणाऱ्या बौद्धाने ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. देव कोपला म्हणून पाऊस गेला, असे म्हणण्याचे आपण सोडून दिले आहे. त्याचप्रमाणे, हे सारे श्रीमंत देशांनी उठविलेले थोतांड आहे, असे म्हणणेही आपण सोडले पाहिजे.

आता राहणीमानाविषयी. येथे मला जरा विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण आपल्यातीलच काही मंडळी विहारात येऊन सांगू लागली आहेत की, बौद्धाने तृष्णा सोडावी, गरजा कमी कराव्या आणि साधे राहून पृथ्वी वाचवावी. हा उपदेश ऐकावयास गोड वाटतो. पण तो कोणाला केला जात आहे, हे पाहिले म्हणजे त्यातील विष लक्षात येते. ज्याच्या घरात दोन खोल्या, एक पंखा आणि मुलाच्या अभ्यासापुरता एक दिवा आहे, त्याला तृष्णा सोडण्यास सांगणे हा धम्म नव्हे. शेकडो वर्षे आम्हाला हेच सांगण्यात आले होते की, अंगावर धड वस्त्र नको, धातूचे भांडे नको, नवे घर नको, जे आहे त्यात समाधान माना. त्या आज्ञेला तेव्हा शास्त्राचा आधार दाखवीत; आता पर्यावरणाचा दाखवितात, एवढाच फरक.

भगवान बुद्धाने दारिद्र्याची थोरवी गायिली नाही, ही गोष्ट बाबासाहेबांनी आपणास स्पष्ट करून सांगितली आहे. अनाथपिंडिकाला भगवंताने सचोटीने आणि श्रमाने धन मिळविण्यास मना केले नाही. कूटदंत सुत्तात राजाच्या पुरोहिताने दिलेला सल्ला पाहा. राज्यात चोऱ्या वाढल्या आहेत ना? मग दंड वाढवू नकोस; शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. लोकांचे राहणीमान वाढविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही कल्पना आपल्या धम्माला परकी नाही.

बाबासाहेबांचे स्वतःचे मत तर निःसंदिग्ध होते. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की, शेतीवर पोसल्या जाणाऱ्या जादा लोकसंख्येला उद्योगधंद्यांत सामावून घेणे हाच त्या प्रश्नाचा खरा उपाय आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणाविषयी बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मागणी केली आणि तिचे कारणही सांगितले: विजेवाचून उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणावाचून या देशातील माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात यंत्रविरोधी तत्त्वज्ञानाचा त्यांनी जो समाचार घेतला आहे, तो आपल्या तरुणांनी मुळातून वाचावा. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. यंत्रापासून अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १९४५ साली या रचनेला उद्देशून लिहिलेला हा युक्तिवाद आजच्या वादाला जसाच्या तसा लागू पडतो.

घटनेतही हे उतरले आहे. अनुच्छेद ४३ मध्ये कामगाराला समुचित जीवनमान आणि फुरसत मिळवून देण्याचे, तर अनुच्छेद ४७ मध्ये जनतेचे पोषण व राहणीमान उंचावण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याच प्रकरणात अनुच्छेद ४८-अ घालण्यात आला आणि पर्यावरणाचे रक्षण हेही राज्याचे कर्तव्य झाले. ही दोन कर्तव्ये घटनेच्या एकाच पानावर नांदत आहेत. त्यांपैकी एक दुसऱ्याला खाऊन टाकील असा अर्थ लावणे, हे घटनेच्या अर्थ लावण्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

मग दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य करावे काय? विकास होऊ द्या, मग धूर होवो की राख होवो? हा पक्ष गरिबाचे नाव घेऊन बोलतो, म्हणून त्याचीही उलटतपासणी झाली पाहिजे.

चंद्रपूर आपणा सर्वांना वंदनीय आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी तेथे लोकांना धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपुरात आज २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी मोजणी केली, तीत चंद्रपूरचे नाव होते. वीज साऱ्या राज्यात जाते. राख तेथेच राहते. वातानुकूलित दिवाणखाना एका गावी आणि खोकला दुसऱ्या गावी, ही वाटणी कोणी ठरविली? या वाटणीला देशाची प्रगती म्हणावयाचे असेल, तर महारवतनालाही गावाची व्यवस्था म्हणत असत, याची आठवण ठेवावी.

उष्णतेचेही तसेच आहे. ऊन सर्वांवर सारखे पडते हे म्हणणे खोटे आहे. ते सिमेंटच्या गच्चीखाली पंखा लावून बसलेल्यावर एका तऱ्हेने पडते आणि पत्र्याखाली तान्हे मूल घेऊन बसलेल्या बाईवर दुसऱ्या तऱ्हेने. रस्ता झाडणारा, गटारात उतरणारा, वीटभट्टीवर राबणारा, बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारा, हे कोण लोक आहेत? पाऊस हुकला की गाव प्रथम कोण सोडतो? याचे उत्तर मी आपणास सांगावयास नको. २०१० च्या उष्म्याने अहमदाबादेत शेकडो माणसे दगावल्यावर त्या शहराने २०१३ मध्ये उष्माघातविरोधी कृती आराखडा तयार केला. उन्हाची आगाऊ सूचना, पिण्याचे पाणी, सावली आणि दवाखान्यांची तयारी, अशा साध्या गोष्टींचा तो आराखडा आहे. असे आराखडे आता अनेक शहरांनी केले आहेत. आपल्या वस्तीसाठी त्यात काय तरतूद आहे, हे नगरपालिकेत जाऊन विचारण्याचा आपणास अधिकार आहे. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले होते. दुपारच्या उन्हात किती तास काम घ्यावे, हा आता तितकाच महत्त्वाचा प्रश्न झाला आहे. तो उचलण्यास कोणी पर्यावरणवादी येईल म्हणून वाट पाहू नये.

म्हणून मी म्हणतो, वीज हवी की हवा हवी, हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे. खरा प्रश्न हा की, सर्वांच्या मालकीच्या वस्तूतून कोणी किती उचलले आणि भरपाई कोणी करावयाची.

हे बोलताना मला रोहिणी नदीचा तंटा आठवतो. बाबासाहेबांच्या ग्रंथात आपण सर्वांनी तो वाचला आहे. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती एका नदीवर. आधी पाणी कोणी घ्यावयाचे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करावयास निघाला. सिद्धार्थ उभा राहिला. त्याने पाणी नको असे म्हटले नाही. शेती सोडून द्या असेही म्हटले नाही. तो म्हणाला, आपल्याही माणसांनी आगळीक केली असल्याचे ऐकिवात आहे, तेव्हा आधी चौकशी करा. दोघे त्यांचे, दोघे आपले आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे तंटा सोपवा. त्याचे ऐकले गेले नाही आणि त्याला घर सोडावे लागले. वकील या नात्याने मला या प्रसंगाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. महाभिनिष्क्रमणाच्या मुळाशी पाणीवाटपाचा एक तंटा आणि लवादाची एक सूचना आहे!

आजची हवा ही रोहिणी आहे. आजवर जगात सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा हिस्सा शेकडा तीन-चार एवढाच. आजही अमेरिकेतील एक माणूस वर्षाला सुमारे चौदा टन सोडतो आणि भारतातील सुमारे दोन टन. १९९२ च्या जागतिक करारात म्हणूनच असे तत्त्व मान्य झाले की, जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सारखी नाही. आणि विकसनशील देशांसाठी दारिद्र्यनिवारण हे पहिले कर्तव्य आहे. श्रीमंत देशांनी हे तत्त्व मानले, पण पाळताना हात आखडता घेतला. अमेरिकेने तर २०१५ च्या पॅरिस करारातून एकदा बाहेर पडून २०२१ मध्ये पुन्हा प्रवेश केला आणि २०२५ मध्ये परत बाहेर पडण्याचा आदेश काढला. आपल्या सरकारने जगाच्या सभेत हा अन्याय बोलून दाखविला तर ते योग्यच आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळसा बंद करण्याऐवजी कमी करण्याची भाषा भारताने करून घेतली. तिलाही माझा विरोध नाही.

परंतु सिद्धार्थाने विचारलेला दुसरा प्रश्न राहतोच. आपल्या माणसांनी काय केले? माणशी दोन टन ही सरासरी आहे आणि सरासरी ही मोठी लबाड वस्तू असते. विमानाने फिरणारा, चार मोटारी बाळगणारा मनुष्य आणि कोयता घेऊन बैलगाडीमागे चालणारी बाई, यांची बेरीज करून तिला भागले की दोन टन निघतात. जगाच्या कोर्टात आपला देश त्या बाईचे दारिद्र्य पुराव्यादाखल मांडतो आणि निकालाचा लाभ मात्र मोटारवाला घेतो. गरिबाच्या शिधापत्रिकेवर उचललेले धान्य परस्पर दुसऱ्याच्या कोठारात जाण्याचा प्रकार आपणास नवीन नाही. जबाबदारी सर्वांची पण सारखी नाही, हे तत्त्व देशादेशांत खरे असेल, तर ते एका देशाच्या आत, एका जिल्ह्याच्या आत आणि एका गावाच्या आतही खरे असले पाहिजे. एका साध्या गोष्टीचे येथे स्मरण होते. उदेन राजाने आनंदाला विचारले की, एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करता? आनंदाने सांगितले की, जुन्या चीवरांच्या चादरी करतो, त्या विरल्या की पायपुसणी करतो, तीही झिजली की चिंध्या मातीत कालवून भिंतीला लिंपतो. काटकसरीचा हा धडा भिक्षूने राजाला दिला आहे. तो उलट दिशेने, राजवाड्यातून झोपडीकडे, देण्याची रीत अलीकडची आहे.

आता गावाच्या आत काय चालले आहे ते सांगतो. कारण माझ्या मते आपल्या कुटुंबांना खरी झळ येथे लागणार आहे.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पुन्हा केला. पडीत आणि गायरान जमीन भूमिहीनाला मिळावी, ही त्यातील मागणी होती. त्या लढ्यांच्या बळावर आपली पुष्कळ कुटुंबे गायरानाचे तुकडे कसू लागली. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. पण निर्णय निघणे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे, यात किती अंतर असते हे आपण जाणता. पुष्कळांची नावे चढली नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात गायरानधारकांना नोटिसा निघाल्या.

त्यात आता सौरऊर्जेची भर पडली आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. २०२३ पासूनच्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, सूर्यविजेच्या प्रकल्पांसाठी घेतली जातात. योजना वाईट आहे असे मी म्हणणार नाही. सूर्याची वीज कोळशाच्या विजेहून बरी, हे चंद्रपूरच्या माणसाला तरी पटवून द्यावे लागणार नाही. पण हिशेब पाहा. खाजगी मालकाने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. वीज मिळते ती ज्याची विहीर आहे, पंप आहे, त्या बागायतदाराला. आणि तीस-चाळीस वर्षे गायरान कसणाऱ्या, पण कागदोपत्री नाव नसलेल्या भूमिहीनाला काय मिळते? अतिक्रमणाची नोटीस. हवामान वाचविण्याचा पहिला हप्ता अशा रीतीने त्या माणसाकडून वसूल होतो, ज्याने हवामान बिघडविण्यात काडीचाही भाग घेतलेला नाही.

याला उत्तर म्हणून सूर्यविजेलाच विरोध करावा, असे काही कार्यकर्ते सांगतात. मला ते मान्य नाही. आपण विजेचे विरोधक नव्हेत, बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. आपली मागणी ही असावी की, भूमिहीनाचा कब्जा प्रथम नियमित करा. आणि नंतर जमीन हवीच असेल तर खाजगी मालकाप्रमाणे भाडे त्यालाही द्या. या मागणीला कायद्याचा आधार नाही असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नका. जमीन महसूल संहितेच्या ५० व्या कलमात अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे, तसा ५१ व्या कलमात ते नियमित करण्याचाही आहे. जगपाल सिंगच्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद केला आहे. आणि २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच असे म्हटले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत आहे. तो वादही सूर्यविजेच्या तारा आणि माळढोकाचे प्राण यांच्यामधला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अनुच्छेद १४ म्हणजे समता. गरिबाला या संकटाची झळ अधिक बसते, म्हणून न्यायालयाने समतेचा अनुच्छेद येथे आणला. त्या संकटावरील उपायाची झळही गरिबालाच अधिक बसू लागली, तर तोच अनुच्छेद पुन्हा दाखविता येईल.

मात्र अधिकार कागदावाचून सिद्ध होत नाही. ज्यांचे गायरान आहे त्यांनी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई चा, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा, जुना उतारा काढून घ्यावा. दंड भरल्याच्या पावत्या, पीकपाहणीची नोंद, आजोबांच्या सत्याग्रहातील अटकेचा कागद असेल तर तो, हे सर्व एका ठिकाणी ठेवावे. नव्याने दीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांना भीती वाटते की, बौद्ध अशी नोंद केल्याने अनुसूचित जातीचा हक्क जाईल. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही तो हक्क मिळाला आहे. जातीचा दाखला योग्य नमुन्यात काढून घ्यावा आणि ही भीती सोडून द्यावी.

शेवटची गोष्ट भगिनींसाठी. आपल्या पंचायत कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरवावयाची असते. बहुतेक गावांत ती कागदावरच भरते आणि सह्या घरोघर गोळा होतात. पुढच्या खेपेस सहीसाठी वही दारात आली तर सही करू नका. सभा कोठे आहे ते विचारा आणि तेथे जा. गायरानावर सौर प्रकल्पाचा ठराव येणार असेल तर तो मोठ्याने वाचावयास लावा. जमीन कोणाच्या कब्ज्यात आहे, वीज कोणाच्या पंपाला जाणार, पंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातून आपल्या वस्तीत काय होणार, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि त्यांची पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने गटविकास अधिकाऱ्याकडे पाठवा आणि टपालाची पावती त्या १-ई च्या उताऱ्याबरोबर जपून ठेवा.

जय भीम.